मांजरांच्या गुदग्रंथींचे त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजरांमध्ये हा त्रास कुत्र्यांपेक्षा बराच कमी आढळतो, म्हणून तो उशिरा लक्षात येतो. बहुतेक मांजरं दवाखान्यात पोचतात ती गळू फुटल्यावर. त्याआधीचे आठ-पंधरा दिवस ते दुखणं दिसत असतं, फक्त ते शेपटीखालचं आहे असं कुणाच्या मनात येत नाही. ते दिवस वाचावेत म्हणून ही माहिती.

गुदग्रंथी म्हणजे नेमकं काय? त्या कुठे असतात?

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली, वाटाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान दोन पिशव्या असतात. शेपटी वर धरली आणि गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी समजली, तर एक पिशवी चारच्या आकड्यावर आणि दुसरी आठच्या आकड्यावर येते. स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी या पिशव्यांच्या भिंतीत असतात. बोलताना मात्र सगळे पिशवीलाच ग्रंथी म्हणतात, तसंच आम्हीही इथे म्हणणार आहोत.

प्रत्येक पिशवीतून एक केसासारखी बारीक नळी निघते. कुत्र्यात तिचं तोंड गुदद्वाराच्या अगदी कडेवर असतं. मांजरात ते कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर, एका इवल्याशा उंचवट्यावर उघडतं. पिशव्या गुदद्वार आवळणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मधोमध बसलेल्या असतात. घट्ट शी बाहेर पडताना त्या दाबल्या जातात आणि थेंबभर स्राव शीला लागतो. मांजरासाठी ती ओळखपत्रासारखी खूण असते. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका गोष्टीपाशी येतात: पिशवी रिकामी करण्याचं काम घट्ट शी करते. शी बिघडली की निचरा बिघडतो.

डॉक्टरकडे नेताना मांजराने अचानक भयंकर वास सोडला. हा आजार आहे का?

नाही. घाबरल्यावर स्नायू आवळले जातात आणि पिशव्या एका झटक्यात रिकाम्या होतात. सडक्या मासळीसारखा, थोडा लोखंडी वास येतो. असं कधीमधी झालं तर काळजीचं कारण नाही. पण मांजर निवांत झोपलेलं असताना गादीवर तपकिरी थेंब पडत असतील, किंवा मांडीवर बसलं की रोज तोच वास येत असेल, तर तपासून घ्या.

त्रास सुरू झाला आहे हे कसं ओळखायचं?

ढुंगण जमिनीला घासत चालणं हे लक्षण सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते कुत्र्यात दिसतं. मांजर बऱ्याचदा ते करतच नाही. मांजर चाटतं. मागचा पाय हवेत ताठ करून शेपटीखाली चाटत बसतं, दोन मिनिटांनी उठतं, चार पावलं चालतं आणि परत बसून तिथेच चाटतं. काही दिवसांत शेपटीच्या बुंध्याखालचे आणि मांड्यांच्या आतले केस विरळ होतात. खरखरीत जिभेने केस मुळापाशी तुटतात, म्हणून हात फिरवला तर खुंट लागतात.

याहून फसवी लक्षणंही असतात. एरवी लाडात येणारं मांजर कमरेवर हात ठेवताच वळून चावतं. चालता चालता दचकून शेपटीकडे पाहतं आणि पळत सुटतं. बसताना एका कुशीवर कलून बसतं. शी करताना दुखतं म्हणून लिटर ट्रेचाच धसका घेतं आणि बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा पायपुसण्यावर शी करतं. घरचे म्हणतात, हट्टी झालंय. बरीच वर्षं ट्रे वापरणारं मांजर एकाएकी बाहेर शी करायला लागलं, तर आधी दुखणं शोधा. वागणुकीचा विचार त्यानंतर.

ग्रंथी पिकली असेल तर एका बाजूला लालसर-जांभळी सूज दिसते, मांजर सुस्त होतं, खाणं सोडतं आणि अंग तापतं. मांजराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस (१००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट) असतं. ताप घरी मोजायच्या भानगडीत पडू नका. थर्मामीटर नेमका दुखऱ्या जागीच घालावा लागतो.

शेपटीखाली घरी कसं पाहायचं?

मांजर जेवून सुस्तावलेलं असताना, खिडकीपाशी उजेडात. टेबलावर टॉवेल पसरा, मांजराचं तोंड तुमच्या काखेकडे ठेवा आणि एका हाताने छाती सांभाळा. दुसऱ्या हाताने शेपटी बुंध्यापाशी हलकेच उचला. टोकाला धरून ओढू नका. दहा सेकंद पुरतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, एकीकडे फुगवटा किंवा लाली आहे का, ओलसर डाग किंवा वाळलेलं रक्त आहे का, पांढरे दाणे चिकटलेत का, एवढंच बघा. निरोगी जागा कोरडी आणि फिकट गुलाबी असते आणि तिथे काही उठून दिसत नाही. महिन्यातून एकदा पाहिलंत तर तुमच्या मांजराचं नेहमीचं रूप डोळ्यांत बसतं आणि बदल लगेच कळतो. मांजर गुरगुरलं तर सोडून द्या आणि दाखवायला न्या. तिथे हात लावू न देणं हेसुद्धा एक लक्षण आहे.

ढुंगण घासतंय. जंत असतील की ग्रंथी?

दोन्ही असू शकतं. शेपटीखालच्या केसांत किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या किंवा काकडीच्या बीएवढे दाणे दिसले, तर ते पट्टकृमीचे तुकडे. ताजे असताना वळवळतात, वाळले की तिळासारखे पिवळट होतात. हा जंत पिसवांमधून येतो. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि तिच्यासोबत जंतही. म्हणून नुसती जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच राहिल्या, तर दोन-तीन आठवड्यांत तुकडे परत दिसतात. पाठीच्या खालच्या भागात खाज, बारीक खपल्या आणि केसांत मिरीपुडीसारखे काळे कण (पांढऱ्या कागदावर ओले केले की तांबूस होणारे) असले, तर ते पिसवांचं काम.

जंत आणि पिसवा या दोन्हींचा बंदोबस्त होऊनही चाटणं थांबलं नाही, तर संशय ग्रंथींवर. मात्र गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येतात आणि ते मरू शकतं.

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय. शी अडलीय की ग्रंथी?

थांबा. सर्वांत आधी लघवी होते आहे का ते बघा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट गाळाने बंद झाली की बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, लिंग चाटत बसतो, आणि घरच्यांना वाटतं शी अडली. वाळूत नवीन ओले गोळे दिसत नसतील किंवा थेंबभरच लघवी होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ग्रंथींच्या दुखण्यासाठी एक रात्र थांबता येतं, यासाठी थांबता येत नाही.

ग्रंथी तुंबतात तरी का?

पहिलं कारण शी. पातळ शीचा पिशव्यांवर दाब येत नाही. बद्धकोष्ठ झालं असेल तर मांजर दोन-दोन दिवस शी करत नाही, तेव्हाही निचरा होत नाही. आत राहिलेल्या स्रावातलं पाणी कमी होतं, तो घट्ट होत जातो आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. तुंबलेल्या स्रावात जंतू वाढले की सूज येते, मग पू होतो, मग गळू. तुंबणं, सुजणं आणि पिकणं या एकाच वाटेवरच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर पकडलं तर काम दहा मिनिटांचं असतं.

आपल्याकडे पातळ शीचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे दूध. दूध-चपाती, दूध-भात हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मांजराचा खुराक. पण पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब लागत नाहीत, पण शी कायम मऊ राहते, वाळूला चिकटते, उचलताना पसरते. घरच्यांना वाटतं, हिची शी अशीच असते. दूध बंद केल्यावर आठवड्याभरात शी बांधली गेली, तर कारण सापडलं.

त्यानंतर अ‍ॅलर्जी. खाण्यातल्या एखाद्या प्रथिनाची किंवा धुळी-परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरांत गुदद्वाराभोवतीची त्वचा सुजते आणि आधीच बारीक असलेली नळी आणखी आवळते. ग्रंथींबरोबर कान, हनुवटी किंवा मान खाजवत असेल तर हा धागा सोडू नका. लठ्ठपणाही आहेच: भोवती चरबी साठली की पिशवीवर पुरता दाब येत नाही, आणि लठ्ठ मांजराचं तोंड स्वच्छतेसाठी तिथवर पोचतही नाही. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजराचंही तेच. आणि काहींच्या नळ्या जन्मतःच अरुंद असतात. त्यात कुणाचा दोष नाही.

घरीच दाबून रिकाम्या केल्या तर?

आमचं उत्तर स्पष्ट आहे: मांजराच्या बाबतीत नको. कुत्र्यांवर ही कृती दाखवणारे व्हिडिओ पाहून लोक मांजरावर करायला जातात. मांजराची पिशवी फार लहान, कातडी पातळ आणि नळी नाजूक. बूच घट्ट बसलेलं असताना दाबलं, तर स्राव बाहेर येण्याऐवजी पिशवी आतल्या आत फुटते आणि घाण आसपासच्या मांसात पसरते. साध्या तुंबण्याचं गळू असंच होतं. शिवाय दुखऱ्या जागी दाबलेलं मांजर चावतं, आणि पुन्हा कधी शेपटीला हात लावू देत नाही.

त्रास नसताना "महिन्याला एकदा साफ करून घ्यावं" हाही सल्ला पाळू नका. निरोगी ग्रंथी विनाकारण दाबल्याने सूज येते. ग्रूमिंगच्या दुकानात आंघोळीबरोबर हे करून देतो म्हणाले, तर नको म्हणा.

दवाखान्यात काय करतात?

एक जण मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून धरतो. डॉक्टर हातमोजा घालून, ओल्या कोमट गॉजवर अंगठा आणि तर्जनी चार आणि आठच्या जागी, पिशवीच्या मागे आणि खाली ठेवतात आणि हलक्या दाबाने वर, बाहेरच्या दिशेला आणतात. काही वेळा तेल किंवा जेली लावलेलं बोट आत घालून एकेक बाजू रिकामी करतात. निघतात ते काही थेंबच. गॉजवर काय आलं ते जरूर बघा. निरोगी स्राव पांढरट, पिवळट किंवा फिकट तपकिरी असतो, पाण्यासारखा किंवा सायीसारखा. तुंबलेला असेल तर टूथपेस्टसारखा घट्ट, गडद, कधी रेतीसारखा येतो. हिरवट-पिवळा किंवा रक्तमिश्रित असेल तर संसर्गाची शक्यता धरतात. मात्र नुसत्या रंगावर निदान होत नाही. सूज, दुखणं आणि ताप एकत्र पाहून ठरवतात.

बूच निघत नसेल किंवा फार दुखत असेल तर भूल देऊन करणंच योग्य. मग सुई काढलेली बारीक कॅन्युला (प्लास्टिकची नळी) ग्रंथीच्या नळीत सरकवून सलाइनने पिशवी धुतात, आत औषध सोडतात, आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. भूल नको म्हणून अडून बसू नका. जागेपणी ओढाताण झालेलं मांजर पुढच्या वेळी पिंजऱ्यातून बाहेरच येत नाही. आधीच फार घाबरणारं असेल तर घरून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टर लिहून देतात. फोन करून विचारा.

गळू फुटलंय, रक्त-पू येतोय, आणि रात्र झालीय. आत्ता काय करू?

घाबरू नका, आणि दाबू नका. फुटल्यावर ठणका एकदम कमी होतो, मांजर उठून खातंसुद्धा. त्यालाच बरं झालं समजून लोक दवाखाना टाळतात. वरचं भोक चार दिवसांत बंद होतं, आत पिशवी घाणच राहते, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा गळू येतं.

अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ (सुमारे ४.५ ग्रॅम) विरघळवा. स्वच्छ सुती कापड किंवा गॉज त्यात बुडवून, पिळून, जखमेवर पाच मिनिटं नुसतं ठेवा. चटका तर बसत नाही ना, ते आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहा. घट्ट झालेला पू मऊ होऊन आपोआप ओघळतो, तेवढा टिपून घ्या. सहा-सात तासांनी पुन्हा. आत काही घालायचं नाही, कापूस तर नाहीच, त्याचे धागे जखमेत अडकतात. मांजर चाटणार, म्हणून गळ्यात प्लास्टिकची कोनासारखी कॉलर घाला. मांजर घरात, एका खोलीत ठेवा. ट्रेमधली बारीक वाळू काढून वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला, नाहीतर वाळू जखमेत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. मांजर खात नसेल, अंग तापलं असेल किंवा उठतच नसेल, तर सकाळपर्यंतही थांबू नका.

हळद किंवा खोबरेल तेल लावलं तर चालेल?

हळदीचा थर वाळून पापुद्रा होतो आणि पू बाहेर यायची वाट बंद होते. गळवाची वाट उघडी राहणं हाच तर उपचाराचा गाभा. तेल लावलं की मांजर दुप्पट चाटतं. कोमट मिठाचं पाणी पुरेसं आहे.

घरातली जंतुनाशकं मात्र धोक्याची. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं द्रावण (त्यात क्लोरोझायलेनॉल असतं) आणि फिनाइल मांजराच्या कातडीला भाजतं आणि चाटून पोटात गेलं की विषबाधा होते. ही रसायनं मोडायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. टी ट्री तेल, टर्पेंटाइन, डांबरगोळी यांचंही तेच.

दुखण्यासाठी आपल्याकडची गोळी देता येईल?

नाही. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडाही पुरतो. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. दिली गेली असेल तर त्याच क्षणी दवाखाना. उतारा आहे, पण तो वेळेवर मिळावा लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅस्पिरिनही नको. मांजरासाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि त्यांचा डोस वजनावर, थेंबांत मोजून ठरतो.

प्रतिजैविकाची गोळी देताना काय सांभाळायचं?

डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करायचे, तिसऱ्या दिवशी जखम छान दिसली तरी. आणि कोरडी गोळी देऊन मांजराला सोडून द्यायचं नाही. डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिन अन्ननलिकेत अडकलं तर तिथे भाजतं, व्रण होऊन नळी आक्रसते, आणि एक दुखणं निस्तरताना दुसरं जन्मभराचं मागे लागतं. गोळीमागे सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेतून पाच-सहा मिलिलिटर पाणी हळूहळू द्या, किंवा लगेच चमचाभर ओलं खाणं.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या तर?

कोकण असो की विदर्भ, जून ते ऑक्टोबर हा धोका खराच. फुटलेल्या गळवाच्या वासावर माशा येतात, अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या निघतात. सुरुवातीला जखमेत काहीतरी हललं एवढंच दिसतं. गुरांच्या जखमेवर मारायचे टर्पेंटाइन असलेले स्प्रे मांजरावर मारू नका. चिमटीने दिसतील तेवढ्या अळ्या काढून काम संपत नाही, आतल्या खोल शिरतात. भूल देऊन केस भादरून सगळं साफ करावं लागतं. जखम भरेपर्यंत मांजर घरातच ठेवणं आणि खिडकीला जाळी असणं, एवढा उपाय बाकी सगळ्यांहून मोलाचा.

पुन्हा होऊ नये म्हणून खाण्यात काय बदल करू?

आधी रोजची शी बघायला शिका. चांगली शी म्हणजे एकसंध, बोटाएवढी जाड, मधे हलक्या भेगा असलेली. डावाने उचलली की अख्खी येते आणि ओलसर असूनही मागे काही चिकटून राहत नाही. खडे-खडे पडत असतील तर पाणी कमी पडतंय. पसरत असेल तर खाणं चुकतंय, किंवा जंत, किंवा आतड्याची तक्रार.

पाणी वाढवायचं ते खाण्यातून. मांजराला दिवसाला, खाण्यातलं धरून, किलोमागे साधारण पन्नास मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे चार किलोच्या मांजराला सुमारे दोनशे. कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आत पाणी असतं, डब्यातल्या किंवा पाकिटातल्या ओल्या खाण्यात पाऊणहून जास्त. घरचं देत असाल तर मीठ-मसाला न घालता उकडलेली काटे काढलेली मासळी किंवा चिकन, उकडलेल्या पाण्यासकट द्या. (निव्वळ घरच्या खाण्यावर मांजर ठेवायचं असेल तर टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं एक पोषकद्रव्य) आणि कॅल्शियमचं गणित डॉक्टरांकडून मांडून घ्या.) सुकट-बोंबलांत मीठ फार, आणि कांदा-लसूण घातलेलं कालवण मांजराच्या रक्तपेशी फोडतं.

चोथ्यासाठी दोन गोष्टी आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, फोडणी न देता, चार किलोच्या मांजराला दर जेवणात अर्धा चहाचा चमचा, आठवड्याने वाढवून एक चमचा. किंवा इसबगोल: पाव चमचा भुसा तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं फुगू द्यायचा आणि मग ओल्या खाण्यात कालवायचा. कोरडा भुसा कधीही वरून भुरभुरू नका, पाण्याशिवाय तो आतड्यातच गोळा होऊन बसतो. एका वेळी दोन्हींपैकी एकच द्या आणि दोन आठवडे थांबून शी बघा. काही मांजरांची शी याने उलट सैल होते. तसं झालं तर बंद करा. मांजर मांसाहारी प्राणी आहे, जास्त चोथ्याने त्याचं भलं होत नाही.

बद्धकोष्ठासाठी तोंडात एरंडेल, तूप किंवा पॅराफिन ओतू नका. विरोध करणाऱ्या मांजराच्या श्वासनलिकेत तेल जातं आणि न्यूमोनिया होतो. माणसांचा एनिमाही नाही. त्यातलं फॉस्फेट मांजराला घातक असतं.

अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर पूर्वी कधीही न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा डॉक्टरांनी दिलेलं खास खाद्य, किमान आठ आठवडे. या काळात शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला एक बांगड्याचा तुकडासुद्धा सगळी चाचणी वाया घालवतो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

मांजर लठ्ठ आहे. उपाशी ठेवू का?

अजिबात नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडतं. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के घट सुरक्षित मानतात. सहा किलोच्या मांजरासाठी म्हणजे फार तर तीस ते एकशेवीस ग्रॅम. वाटीचा अंदाज सोडा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर खाणं मोजा.

पर्शियन मांजराच्या शेपटीखाली शी चिकटून गोळे होतात. त्यानेही त्रास होतो का?

होतो. त्या गोळ्यांखाली कातडी ओली राहते आणि नळ्यांची तोंडं झाकली जातात. वाळलेली शी ओढू नका, कोमट पाण्याचं कापड ठेवून मऊ होऊ द्या. कात्री वापरू नका. गुंत्याबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. दवाखान्यात नेहमी दिसणारी ही जखम आहे. शेपटीखालचे केस दर चार-सहा आठवड्यांनी मशीनने बारीक करून घ्या.

नसबंदी केल्याने फरक पडतो का?

या ग्रंथींवर नाही. बोक्यांच्या मारामाऱ्या मात्र कमी होतात, आणि शेपटीच्या बुंध्यावर येणारं गळू पुष्कळदा दुसऱ्या बोक्याच्या चाव्याचं असतं. चाव्याचं गळू सहसा वर किंवा बाजूला येतं, दोन दातांची भोकं दिसतात. ग्रंथीचं ठरलेल्या जागीच, चार किंवा आठच्या आकड्यावर.

शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकाव्यात का?

खाणं, वजन, पिसवा आणि अ‍ॅलर्जी हे सगळं नीट पाहूनही वर्षात तीन-चार वेळा त्रास उलटत असेल, तर विचार करावा. त्याआधी नाही. ऐन पू असताना काढत नाहीत. संसर्ग शमवून, सूज उतरल्यावर काढतात, कारण सुजलेल्या मांसात पिशवीची भिंत ओळखू येत नाही आणि तिचा तुकडा मागे राहिला तर जखम वाहत राहते. शी आवरण्याची नस आणि स्नायू अगदी शेजारी असतात, म्हणून काही मांजरांची शी थोडे दिवस नकळत गळते. क्वचित ते कायमचं होतं. ही शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या सर्जनकडेच करून घ्या आणि तसं स्पष्ट विचारा. नंतर दहा-चौदा दिवस गळ्यात कॉलर, ट्रेमध्ये कागद आणि शी मऊ राहील असं खाणं.

म्हाताऱ्या मांजराला एकाच बाजूला घट्ट गाठ लागतेय.

दहा वर्षांवरच्या मांजरात, न दुखणारी, टणक, प्रतिजैविकाने न उतरणारी गाठ असेल तर कर्करोग वगळावा लागतो. तो मांजरात दुर्मीळ आहे, पण झाला तर वेगाने पसरतो. "परत गळू झालं असेल" म्हणून औषधाचा तिसरा कोर्स सुरू करण्याऐवजी गाठीचा तुकडा तपासायला पाठवा, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

सोफ्यावरचा वास जात नाही.

आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टिपा, वाळवा. फिनाइल नको, त्या जागी लोळून मांजर अंग चाटणारच.

तपासताना मांजर चावलं.

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. सरकारी रुग्णालयात ती मिळते. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून टाचणीएवढी दिसणारी जखम हातात दोन दिवसांत सुजते. मांजराचं स्वतःचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गावात फक्त गुरांचे डॉक्टर आहेत. कुठे जायचं?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले पशुवैद्यही मांजराला तपासून औषध देऊ शकतात. फोन करून एकच विचारा: मांजराला भूल देण्याची सोय आहे का? नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत लहान प्राण्यांवर उपचार होतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटीट रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, हेही आहे. जाताना ताज्या शीचा सुपारीएवढा नमुना बंद डबीत घ्या, शेपटीखालचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि कागदावर लिहून न्या: चाटणं कधी सुरू झालं, शी कशी होते, काय खातं, जंताची आणि पिसवांची औषधं शेवटची कधी दिली. मांजर दार असलेल्या पिंजरापेटीत किंवा झाकणाच्या टोपलीत न्या, वरून चादर टाका. पिशवीत किंवा हातात धरून नेलेलं मांजर रस्त्यातच निसटतं.